चौथ्या मजल्यावर बांधलेलं जाळं

घरात पक्षी पाळलेत का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं. नवऱ्याला तर हसू आलं, आणि हसता हसता जी ढास लागली ती थांबेपर्यंत डॉक्टरांनी फाईल मिटून ठेवली. पोपट? लव्हबर्ड्स? कोंबड्या? मी म्हटलं, अहो, चौथ्या मजल्यावर कोंबड्या कुठल्या? मग त्यांनी विचारलं, खिडकीत, गॅलरीत काही येऊन बसतं का. तेव्हा मी म्हटलं, "कबुतरं येतात, पण ती आमची नाहीत."

डॉक्टरांनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली. त्याआधी दोन वर्षं नवरा खोकत होता. तो जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर. तिथे दिवसभर ट्रेलरची ये-जा आणि धुरळा, म्हणून सगळ्यांनी खोकल्याचं खापर त्या धुळीवर फोडलं. मीही फोडलं. काढे झाले, वाफारे झाले, टीबीच्या तपासण्या झाल्या. यार्डात मास्क लाव म्हणून मी रोज त्याच्या मागे लागायचे. तोही बिचारा लावायचा आणि घरी आला की काढून ठेवायचा, कारण घरी कसली धूळ.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. कबुतरांची शिट वाळते, तिची पूड होते, पिसांचीही बारीक पूड उडते आणि ती श्वासातून आत जाते. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. पण काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, ती सुजतात. सूज लवकर उतरली तर ठीक, नाहीतर तिथे व्रण पडतात, आणि व्रण पडलेलं फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. यांची सूज अजून उतरू शकते, ते म्हणाले, पण आता एक दिवसही वाया घालवू नका. कबुतरं घालवा नाहीतर घर सोडा. मग त्यांनी गॅलरी कोण साफ करतं ते विचारलं.

गॅलरी तोच साफ करायचा. दर रविवारी सकाळी, चहा झाला की पत्र्याची पट्टी घेऊन एसीच्या खालची वाळलेली शिट खरवडायची, मग खराट्याने झाडून काढायची. करंज्याच्या कोळ्याघरचा मुलगा, होडी धुण्याची सवय लहानपणापासूनची, घाण दिसली की हात शिवशिवायचे. मी शेजारणींपुढे मिरवायचे की आमच्याकडे गॅलरीला मला हात लावावा लागत नाही. आधी पाण्याने भिजवायची, मास्क लावायचा, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत भरायची, असं त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही नेमकं उलटं करत आलो होतो, आणि तेही हौसेने.

सुकापूरला आम्ही राहायला आलो तेव्हा समोर मोकळी जमीन होती आणि कबुतर औषधालाही नव्हतं. मग चहूबाजूंनी इमारती उठल्या. प्रत्येक इमारतीला डक्ट, छज्जे, एसीचे कोनाडे. कबुतराला याहून काय हवं. आमच्या बेडरूमच्या गॅलरीत एसीच्या मशीनमागे वीतभर जागा आहे, तिथे पहिली जोडी आली. चार काड्या टाकून तिने अंडी घातली तेव्हा मीच नवऱ्याला म्हटलं होतं, राहू दे, पिल्लं उडाली की काढू. पिल्लं उडाली, पुन्हा अंडी आली. दोन वर्षांत किती पिढ्या झाल्या ते देव जाणे. एकीकडे मी शाळेत पहिलीच्या मुलांना क कबुतराचा गिरवून घेत होते.

घर आमचं, आम्ही का सोडायचं, असं म्हणत डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी मी चवताळून उठले. घरटं काढलं, फिनाईल ओतलं, कोनाड्यात विटा रचल्या. जुन्या सीड्या दोरीला बांधून टांगल्या. रबरी साप आणला. प्लास्टिकचं घुबड आणलं, मान हलणारं. दोन दिवस कबुतरं लांब बसून त्या घुबडाचा अंदाज घेत होती, तिसऱ्या दिवशी एक कबुतर त्याच्या डोक्यावर शिटून गेलं. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर त्यांच्या वासाने नवऱ्यालाच धाप लागली. ताट-पळी घेऊन मी गॅलरीच्या दारात उभी राहायचे. वाजवलं की उडायची, समोरच्या टाकीवर जाऊन बसायची, मी स्वयंपाकघरात वळले की हजर. शाळेत चाळीस पोरांना एका डोळ्याच्या धाकात ठेवणारी मी, या पाखरांपुढे अक्षरशः रडकुंडीला आले. एकदा तर हात जोडून त्यांना म्हटलं, जा गं बायांनो, माझा माणूस मरेल.

ती जात नव्हती याचं कारण पाचव्या मजल्यावर होतं. आमच्या डोक्यावर एक निवृत्त काका राहतात. सकाळ-संध्याकाळ ते ग्रिलमध्ये ज्वारी टाकायचे. मी आधी गोडीत सांगितलं, मग रिपोर्ट नेऊन दाखवला. ते म्हणाले, मुक्या जिवांच्या तोंडचा घास मी काढणार नाही, तुमच्या मिस्टरांना चांगल्या डॉक्टरला दाखवा. सोसायटीच्या मिटिंगमध्ये मी विषय काढला तर अर्ध्या लोकांनी मान खाली घातली आणि उरलेल्या अर्ध्यांनी पार्किंगचा विषय पुढे घेतला. मी तिथे वाट्टेल ते बोलले. त्याने काही साधलं नाही, उलट मी भांडकुदळ आहे एवढं मात्र सर्वानुमते ठरलं.

मग उरली जाळी. गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाड दोऱ्याची नायलॉनची जाळी ताणून बसवतात, ती. पनवेलचा एक जाळीवाला माप घेऊन गेला आणि मंगळवारी येतो म्हणाला. असे तीन मंगळवार गेले. दुसऱ्या दोघांना फोन केले, त्यांच्याकडेही रांग. इकडे नवऱ्याला आता आडवं झोपता येत नव्हतं. तो खुर्चीत बसून, पलंगावर उशी ठेवून, तिच्यावर डोकं टेकून झोपायचा. बोटाला लावायच्या त्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा मी दिवसातून वीसदा बघायचे. गॅलरीचं सरकतं दार बंद करून मी त्याच्या फटींवर चिकटपट्टी लावली होती, तरी पलीकडून कबुतरांचं घुमणं ऐकू यायचं. मला भीती वाटत होती. आपला माणूस आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच घरात, जरा जरा करून जाणार आणि आपण ताट-पळी वाजवत राहणार, अशी भीती.

एका रविवारी मी त्याला काही न सांगता करंज्याला गेले, सासऱ्यांकडे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. होडी कधीच विकली, पण जाळी विणायची सवय सुटलेली नाही, पडवीत कुणाचं ना कुणाचं जाळं त्यांच्या मांडीवर असतंच. माझं माहेर पनवेल शहरातलं. जाळ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मला एवढंच माहीत होतं की त्यांच्याकडे जाळी आहेत आणि माझ्या गॅलरीला एक जाळं हवंय.

मी सगळं सांगितलं. ते उठून आत गेले, एक बोचकं घेऊन आले, उघडून पाहिलं आणि पुन्हा बांधायला लागले. पापलेटचं जुनं जाळं होतं ते, तंगुसाचं. तंगूस म्हणजे तो बारीक, पारदर्शक नायलॉनचा धागा, पाण्यात दिसत नाही असा. मी म्हटलं, हेच द्या की.

"ह्ये नको बाय," ते म्हणाले. "ह्ये मारायचं जालं हाय, अडवायचं नाय."

त्यांनी आपली दोन बोटं जाळ्याच्या एका भोकातून घातली आणि मला दाखवलं. माशाला हे दिसत नाही, तो डोकं घालतो, कल्ल्यांशी धागा अडकतो, मग पुढेही जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. गॅलरीला जाड दोऱ्याचं पाहिजे, घट्ट ताणून, लांबून दिसेल असं. तसं त्यांच्या एका दोस्ताकडे होतं, पण तो होडीवर गेलेला, चार दिवसांनी येणार. चार दिस थांब, मी सोता घेऊन येतो, असं ते म्हणाले.

माझ्याकडे चार दिवस नाहीत, असं मला वाटत होतं. आज विचार करते तर चार दिवस होते. पण त्या क्षणी तीन मंगळवार माझ्या डोक्यात बसले होते आणि आणखी कुणी थांब म्हणालेलं मला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, कबुतर काही मासा नाही, त्याला डोळे आहेत, जाळं दिसलं की जाईल परत. ते मान हलवत राहिले. तेव्हा मी बोलू नये ते बोलले.

"बाबा, तुम्हाला मुलापेक्षा कबुतरांचा जीव मोठा झाला का?"

त्यांनी जाळं बोचक्यात पुन्हा बांधलं. बोचकं गोणीत भरलं, अंगात सदरा चढवला आणि माझ्याबरोबर निघाले. उरणपर्यंत रिक्षात आणि तिथून पनवेलपर्यंत एसटीत गोणी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी जाळं बांधून काढलं. सत्तरी उलटलेला माणूस, स्टुलावर उभा राहून ग्रिलला एकेक गाठ मारत होता. नवरा काचेच्या आतून बघत होता आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा जरा उजळला होता. बाबा आले, आता काम झालं, असं तो मला म्हणाला. जाळं बाबांची कल्पना, असं त्याने गृहीतच धरलं आणि मी ते खोडलं नाही. खोडण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा वाटलंही नाही. सासरे रात्री आमच्याकडेच राहिले.

सकाळी मला जाग आली ती फडफडीने. पडदा सारला आणि पाहिलं. सहा होती. रोजच्या जागेवर यायला ती रोजच्याच वेगाने आली होती, आणि तंगूस त्यांना दिसलंच नव्हतं. दोन कबुतरं मान अडकून लोंबत होती, ती संपलेली होती. बाकीच्यांचे पाय, पंख धाग्यात गुरफटले होते आणि सुटायला जेवढी धडपडत होती तेवढी आणखी गुंतत होती. पिसं उडत होती, जाळं हलत होतं आणि दोन वर्षांची जी पूड विटांमागे, कोनाड्यात बसली होती ती सगळी हवेत आली होती.

सासरे मागे येऊन उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सुरी मागितली, तोंडाला पंचा बांधला, मी चिकटपट्टी काढून दार जेमतेम उघडलं आणि ते बाहेर गेले. नवऱ्याला मी हॉलमध्ये बसवलं आणि बजावलं की काही झालं तरी इथून उठायचं नाही. तेवढ्यात बेल वाजली.

दारात वरचे काका, बनियनवर, हातात मोबाईल. त्यांच्या मागे जिन्यात चार-पाच जण. काका मला खुनी म्हणाले. मोबाईलवर फोटो काढलेत, तक्रार करणार आहे, असं म्हणाले. मला तेव्हा दार लावून घेता आलं असतं. पण दोन वर्षांचं जे साठलं होतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी त्यांना जिन्यात गाठून बोलले, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. तुमची ज्वारी माझ्या नवऱ्याच्या छातीत उगवलीय, असंही काहीतरी म्हटलं. किती वेळ गेला मला माहीत नाही. खरं सांगायचं तर बोलताना मला बरं वाटत होतं.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. जिवंत पाखरू धरायला दोन हात लागतात, तंगूस कापायला तिसरा. सासऱ्यांना जवळचं नीट दिसत नाही. सुरी एका कबुतराच्या पायाला लागली. हॉलमधून बापाचे ते हाल नवऱ्याला बघवले नाहीत. तो उठला, तोंडाला रुमाल धरला आणि गॅलरीत जाऊन कबुतरं धरायला लागला. बाप नको नको म्हणत होता. रुमाल कुठला टिकतोय, दोन्ही हातांत पाखरू असताना.

मी विजयी मुद्रेने आत आले तेव्हा बेडरूममध्ये राखाडी पिसं तरंगत होती आणि नवरा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. ओठ निळे पडले होते. सासरे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि एकच सांगत होते, श्वास घे बाला, श्वास घे.

त्याला आयसीयूत ठेवलं. आठ दिवसांनी वॉर्डात आणलं. फुप्फुसाचा बराचसा भाग आता कायमचा गेला, डॉक्टर म्हणाले, उरलेल्यावर भागवायचं, ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवावं लागेल, आणि त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. एरवी गेला असता का तेवढा भाग? मी विचारलं. त्यांनी सांगता येत नाही म्हटलं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील.

वॉर्डात आणलं त्या दिवशी सासरे आत आले आणि त्याच्या पायाशी उभे राहिले.

"माजी चूक झाली," ते म्हणाले. "मना कलाया पायजे होतं."

मी थर्मास हातात घेऊन पलीकडे उभी होते. नवऱ्याने नाकातली नळी नीट केली आणि एकेक शब्द दम घेत बोलला. "उभा जन्म जाळी टाकण्यात गेला तुमचा. एवढं कळलं नाही?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिथे मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतला.

आता आम्ही सुकापूरच्याच जुन्या गावठाणात तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन राहतो. काकांनी ज्वारी टाकणं बंद केलं. ते हॉस्पिटलात शहाळी घेऊन आले होते, बराच वेळ बसून गेले. त्यांच्यावरचा माझा राग आता ओसरला आहे. माझा हिशेब निराळ्याच ठिकाणी अडकलाय. जाळीवाला शेवटी एका मंगळवारी आलाच. रिकाम्या घराला त्याने जाड दोऱ्याची, घट्ट ताणलेली, अगदी नामी जाळी बसवून दिली. एक कबुतर आत येत नाही.

नवरा बापाशी बोलत नाही. सासरे दर शुक्रवारी करंज्याहून मासे घेऊन येतात, दाराशी पिशवी देतात. आत नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसतो, मग ते उंबऱ्यावरूनच परततात. असं चार महिने चाललं. त्या चार महिन्यांत रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगायचं, की जाळं मी आणलं, ते नको म्हणत होते, मी त्यांना बोलले, आणि तू गॅलरीत गेलास तेव्हा मी जिन्यात भांडण जिंकत होते. रोज काहीतरी आड यायचं. आड येणारी मीच होते.

गेल्या शुक्रवारी मी सासऱ्यांच्या मागोमाग रिक्षा स्टँडपर्यंत गेले. म्हटलं, बाबा, आज मी त्याला सगळं सांगणार आहे. तुम्ही नको म्हणत होतात हे सांगणार आहे.

त्यांनी रिक्षावाल्याला हाताने थांबवलं. मग मला जरा बाजूला घेतलं.

"नको सांगू बाय," ते म्हणाले. "त्याचं सगलं तुज्या हातान हाय. तुज्यावर राग धरून तो जगंल कसा? माज्यावर धरू दे. मी तं तिकरं लांब हाय."

मी रडायला लागले. ते म्हणाले, जा, तो एकटा हाय घरात. रिक्षात बसल्यावर त्यांनी मागे पाहिलं नाही.

मी घरी आले. मशीन चालू होतं. नवऱ्याने विचारलं, गेले का. मी हो म्हटलं. तो म्हणाला, त्यांना सांग पुढच्या शुक्रवारी येऊ नका म्हणून. मी ‘बरं’ एवढंच म्हटलं आणि मासे साफ करायला बसले.